हाक मारायला एक नाव

दुपारची वेळ आहे. कुणी ज्वारी निवडत असेल, कुणी शेळ्या घेऊन बांधावर बसली असेल, कुणाच्या मांडीवर लेकरू झोपलं असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. आज आम्ही बचत गटातल्या बाया जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. हप्ता, व्याज, कर्ज यातलं आज काही नाही. आज बोलायचं आहे नव्या गावात एकटीनं संसार मांडणाऱ्या बाईबद्दल. कडेवर लहान लेकरू, आणि नवरा कामाला लांब.

आपल्या खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागाला ही गोष्ट नवी नाही. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून घरातला एक तरी गडी बाहेर. कुणी मुंबईला माथाडी कामगार, कुणी फौजेत, कुणी ट्रकवर. आणि कितीतरी जण गलाईच्या धंद्यात. सराफाकडची मोड आणि झाडलोटीची माती गाळून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं, हे काम करत आपली माणसं देशभर पांगली आहेत.

पूर्वी गडी गेला तरी बाई सासू-सासऱ्यांच्या, जावांच्या घरात असायची. कुरबुरी असायच्या, पण रात्री हाक मारली तर ओ द्यायला कुणीतरी असायचं. आता घरं वेगळी झाली. कुणी पुढं शाळा चांगली मिळावी म्हणून रस्त्यावरच्या मोठ्या गावात खोली घेते. कुणाला तिथं शिवणकाम मिळतं, कुणाला दुकानात काम मिळतं. कुणाचं सासरी पटत नाही. नवरा दोन दिवसांची रजा काढून येतो, सामान लावून देतो, गॅसची टाकी आणून देतो आणि परत जातो. मागं राहते ती, तिचं लेकरू आणि अनोळखी गल्ली.

अशीच एक वहिनी दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात आली. तिचं नाव सांगत नाही. तिनंच म्हटलंय, "गोष्ट सांगा, नाव नको." पण ती गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात चूक तिची कमी आणि आमची जास्त होती.

उन्हाळ्याचे दिवस होते. टेम्पोतून सामान आलं. एक कपाट, एक लोखंडी कॉट, पत्र्याची पेटी, पाण्याचा बॅरल आणि लेकराची तीनचाकी सायकल. आम्ही नळावर उभ्या होतो. पाणी भरता भरता सगळं बघितलं. बघितलं म्हणजे काय, मोजलंच. कॉट नवी की जुनी, भांडी किती, टीव्ही आहे का नाही. तिच्याकडं मात्र कुणी गेलं नाही.

दोन दिवसांनी नवरा गेला. तो केरळात गलाईच्या दुकानात कामाला. मग आमच्यात चर्चा सुरू झाली. नवरा खरंच कामाला आहे का? सासर एवढं जवळ असून ही इथं का राहते? दार कायम लावून का असते? एक म्हणाली, "लय मिजास हाय." दुसरी म्हणाली, "भाडेकरूच की, आज हाय, उद्या नाय." खरं सांगायचं तर ती दार लावून बसायची कारण पोरगी सारखी रस्त्यावर पळायची. पोरगी वीस महिन्यांची. नुकते पाय फुटलेले. घरासमोरून ऊसाचे ट्रॅक्टर जायचे. पण हे कळायला दारात जावं लागतं. आम्ही गेलो नाही.

ती दीड महिना अशीच राहिली. दुकानातून सामान आणायची, नळावर पाणी भरायची, मान खाली घालून जायची. आम्हाला वाटायचं, बोलायचं असेल तर बोलेल की. तिला वाटायचं, यांची आपसात ओळख आहे, मध्येच मी कशी बोलू. दोन्हीकडून असंच चाललं.

मग ती रात्र आली. पोरीला संध्याकाळपासून ताप होता. पहिला पाऊस झालेला, लाइट गेलेली. रात्री दोनच्या सुमाराला पोरगी एकदम ताठ झाली. डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले, ओठांच्या कडेनं फेस आला. तिनं असं कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं, लेकरू गेलंच.

तिनं नवऱ्याला फोन लावला. त्यानं उचललाही. पण एवढ्या लांबून तो काय करणार? तो म्हणाला, "शेजारी कुणाला तरी उठव." ती म्हणाली, "कुणाला?" त्याच्याकडं गावातल्या एकाही माणसाचा नंबर नव्हता. घरमालक पुण्याला. १०८ नंबर तिनं ऐकलेला होता, पण त्या वेळी आठवला नाही. घाबरल्यावर माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथं नंबर कुठून आठवणार?

पोरीला छातीशी धरून ती रस्त्यावर आली. अंधार, चिखल, भुंकणारी कुत्री. समोर सात-आठ घरं. कुणाच्या घरात कोण आहे, कुठं बायामाणसं आहेत, कुठं नुसते गडी आहेत, काहीच माहीत नाही. एका दाराची कडी वाजवली. आतून ओ आली नाही. दुसऱ्या दाराला हात लावायची हिंमत झाली नाही. झटके तोवर थांबले होते, पण पोरगी मलूल पडली होती आणि अंग भट्टीसारखं. ती चौकातल्या कट्ट्यावर बसून राहिली. साडेचारला दुधाचे कॅन घेऊन डेअरीवर निघालेल्या पोराला ती दिसली. त्यानं कॅन तिथंच उतरवले आणि दोघींना मोटारसायकलवर घालून नऊ-दहा किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

पोरगी वाचली. आज मजेत आहे, आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण बायांनो, ती ज्या कट्ट्यावर अडीच तास बसली होती, तिथून आमच्या गटाच्या अध्यक्ष आक्कांचं घर चाळीस पावलांवर आहे. आक्कांच्या दारात त्यांच्या पोराची जीप उभी होती. आक्का रात्री तीनदा उठतात. नुसतं "आक्का" अशी हाक आली असती तरी त्या धावत आल्या असत्या.

आठ दिवसांनी आक्का आणि आम्ही तिच्या घरी गेलो. डोकं खाली घालूनच गेलो. आक्का म्हणाल्या, "अगं पोरी, ओरडायचं तरी होतंस." तेव्हा ती जे म्हणाली ते आमच्यातली एकही विसरलेली नाही. ती म्हणाली, "ओरडणारच होते. पण काय ओरडू? मला हाक मारायला कुणाचं नावच माहीत नव्हतं."

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये आम्ही बचत गोळा केली, वही लिहिली आणि मग तासभर याच एका वाक्यावर बोललो. गावात दीड हजार माणसं, पाच बचत गट, आशाताई, अंगणवाडी सेविका. आणि एका बाईला रात्री दोन वाजता एक नाव मिळू नये? त्या दिवशी आम्ही एक नियम केला. नियम साधा आहे. गावात नवीन बाई राहायला आली की आठ दिवसांच्या आत गटातल्या दोघींनी तिच्या दारात जायचं. चौकशी करायला नाही, ओळख करून द्यायला.

या दोन्हींत फरक आहे, नीट ऐका. "नवरा कुठं असतो? किती पगार? सासरी का राहत नाही? दुसरं लेकरू कधी?" ही झाली चौकशी. नवी बाई अशा प्रश्नांनी आणखी दार लावून घेते. ओळख म्हणजे, "मी अमुक, ते निळ्या दाराचं घर माझं. रात्री-अपरात्री काही लागलं तर हाक मार. पाणी सकाळी सात ते आठ येतं. दळण या चक्कीवर. अंगणवाडी मारुतीच्या देवळामागं." बस्स. जाताना वाटीभर चटणी न्या, नाहीतर मोकळ्या हातानं जा. पण जा.

आणि जाताना एक कागद द्यायचा. आम्ही तो वहीच्या पानावर लिहितो. त्यावर गावाचं नाव, तालुका, जिल्हा, गल्ली, आणि जवळची खुणेची जागा, म्हणजे देऊळ, शाळा, पाण्याची टाकी. त्याखाली गटातल्या तिघींची नावं आणि मोबाइल नंबर, आशाताईंचा नंबर. त्याखाली मोठ्या अक्षरात १०८, म्हणजे रुग्णवाहिका, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत. ११२ म्हणजे पोलीस आणि कुठलीही तातडीची मदत. १८१ म्हणजे महिलांची हेल्पलाइन. हा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. १०८ ला फोन केला की ते पत्ता आणि खूण विचारतात. नव्या बाईला ते सांगता येत नाही. कागद बघून मात्र वाचता येतं.

आता त्या रात्रीबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते सगळ्यांसाठी सांगतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना जोराच्या तापात असे झटके येतात. बघायला भयंकर वाटतं, पण बहुतेक वेळा ते काही मिनिटांत आपोआप थांबतात. अशा वेळी लेकराला जमिनीवर किंवा सपाट जागेवर एका कुशीवर झोपवा, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येईल. गळ्याजवळचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्यानं काही होत नाही. घड्याळ बघा. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, पुन्हा आले किंवा नंतर लेकरू शुद्धीवर येत नसेल तर लगेच १०८. आणि पहिल्यांदाच आले असतील तर थांबले तरी दवाखान्यात नेऊन दाखवायचंच. ताप कशानं आला हे डॉक्टरांनी बघायला हवं.

डॉक्टरबाईंनी लसीकरणाचं कार्ड मागितलं. ते सासरच्या पेटीत राहिलेलं. पोरीची दीड वर्षाची लस राहून गेली होती, कारण नेमक्या त्याच महिन्यात घर बदललं. म्हणून ज्या बहिणी आत्ता कुठं नव्या गावात गेल्या आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची पिशवी. सामानाच्या टेम्पोत टाकायची नाही, स्वतःच्या खांद्याला लावायची. त्यात लेकराचं माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे ज्यावर वजन आणि लसी लिहिलेल्या असतात ते. जन्माचा दाखला. तुमचं आधार कार्ड, शिधापत्रिकेची झेरॉक्स, बँकेचं पासबुक. घरभाड्याचा करार किंवा साध्या कागदावर तरी घरमालकाची सही.

दुसरी गोष्ट, पहिल्या आठवड्यातच अंगणवाडीत जा. सहा महिने ते सहा वर्षांचं लेकरू असेल तर नाव घालता येतं. "आम्ही इथले नाही" म्हणून मागं राहू नका, राहायला आलात म्हणजे इथल्याच. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन वर्षांपुढच्याला तिथंच ताजा शिजवलेला. वजन-उंची दर महिन्याला बघतात. जुन्या गावच्या सेविकेला फोन करून सांगा की आम्ही इकडं आलो, म्हणजे तिकडचं नाव इकडं हलवता येतं. आणि अंगणवाडीत गेल्यावर आणखी एक मोठा फायदा होतो. तिथं तुमच्या लेकराएवढी लेकरं असलेल्या आया भेटतात. आमच्या त्या वहिनीची पहिली मैत्रीण तिथंच झाली, वजनकाट्यासमोर.

तिसरी गोष्ट लसीची. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो, त्रिगुणीचा आणि पोलिओचा बूस्टर असतो. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस असतो. गाव बदललं म्हणून लस सुरुवातीपासून घ्यावी लागत नाही, जिथं थांबली तिथून पुढं चालू करता येते. फक्त कार्ड आशाताईंना दाखवा.

चौथी गोष्ट धान्याची. 'एक देश एक शिधापत्रिका' योजनेत, कार्डाला आधार जोडलेलं असेल तर सासरच्या गावचं कार्ड असूनही नव्या गावच्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो. पण एक सावध करतो. कार्ड एकत्र असेल तर आधी सासूबाईंशी बोलून घ्या, आपण आपल्या वाट्याचं किती उचलणार ते. नाहीतर त्या तिकडं दुकानात जातील, धान्य उचललंय म्हणून परत येतील आणि नसतं भांडण उभं राहील.

पाचवी गोष्ट घराची. सामान लावायच्या आधी घराच्या मध्यभागी खाली बसा. लेकराच्या उंचीवरून सगळं घर बघा. आपण उभ्यानं बघतो तेव्हा जे दिसत नाही ते बसल्यावर दिसतं. हाताला लागणारं लाइटचं बटण, गॅसची नळी, खिळा, भिंतीतलं भोक. उंदराचं औषध, फिनेल, तणनाशकाची बाटली घरमालकानं कुठं कोपऱ्यात ठेवलीय का ते बघा. दारातला पाण्याचा हौद झाकलेला आहे का? बादलीभर पाण्यातसुद्धा नुकतं चालायला लागलेलं लेकरू डोक्यावर पडून बुडू शकतं. भरलेली बादली उघडी ठेवू नका. उंबऱ्याला आडवी फळी लावा. आमच्या वहिनीच्या दाराला आक्कांच्या पोरानं अर्ध्या उंचीची फळी ठोकून दिली. तेव्हापासून दार उघडं राहायला लागलं. आणि दार उघडं राहिलं तसं येणंजाणंही सुरू झालं.

आता लेकराच्या मनाबद्दल. आपण म्हणतो, "एवढंसं पोर, त्याला काय कळतंय!" त्याला सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. आजी दिसत नाही, आजोबांची खाट दिसत नाही, गोठ्यातली गाय दिसत नाही आणि बापही गेला. मग ते आईचा पदर सोडत नाही. शी-शू सांगायला लागलेलं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करतं. जेवत नाही, रात्री दचकून रडतं. काही बाया म्हणतात नजर लागली, काही धपाटा घालतात. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण मारू नका. त्याला धीर हवा असतो.

धीर कसा द्यायचा? जुनी गोधडी धुऊन लगेच बदलू नका, त्या वासावर लेकरू झोपतं. जेवण, अंघोळ, झोप यांची वेळ ठरवून ठेवा. घर नवं असलं तरी दिवस तोच राहिला पाहिजे. बाहेर जाताना लेकराला फसवून, चोरून जाऊ नका. रडलं तरी सांगून जा, "आई दळण घेऊन येते." आणि सांगितल्याप्रमाणे या. चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी त्याला कळेल की आई जाते तशी येते. ज्याच्याकडं ठेवायचं त्या मावशीकडं आधी दोन-तीनदा स्वतः सोबत बसा. आणि एक गोष्ट सगळ्यांनीच सोडा. "थांब, बाबा आला की सांगते" असा धाक घालू नका. बाप लांब आहे, लेकराच्या मनात त्याचं रूप तुम्हीच तयार करता. बाप म्हणजे मारणारा असं रूप करू नका.

बापाशी फोन रोज ठरावीक वेळेला व्हावा, पाच मिनिटं का होईना. एवढंसं लेकरू फोनसमोर बसत नाही, पळून जातं. बापानं त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आवाज कानावर पडला तरी पुरे. आमची वहिनी भिंतीवर नवऱ्याचा फोटो लेकराच्या उंचीवर लावायची. आम्ही हसलो होतो, एवढा खाली फोटो कुणी लावतं का! पण पोरगी रोज त्याला भाताचं शीत भरवायची.

पैशाचंही बोलून घेतो. नवऱ्यानं पैसे पाठवायची तारीख ठरलेली असावी आणि ते बाईच्या स्वतःच्या खात्यावर यावेत. दिराच्या, मित्राच्या हातून नकोत. दर महिन्याला भाडं, दूध, किराणा, औषध वहीत लिहा. तो हिशेब नवऱ्यालाही फोनवर सांगा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. आणि लेकराच्या दवाखान्यासाठी थोडे रोख पैसे घरात वेगळे ठेवा. रात्री दोनला एटीएम शोधता येत नाही.

आता गटातल्या बायांना एक आरसा दाखवतो. त्या वहिनीला गटात घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्यात मोठा वाद झाला. एक म्हणाली, "भाडेकरू बाई, कर्ज घेऊन निघून गेली तर?" ही भीती खोटी नव्हती. गटाचा पैसा घामाचा असतो. पण दुसरी म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मीपण परकीच होते की. माझी हमी कुणी घेतली होती?" त्यावर सगळ्या गप्प झाल्या. कारण आमच्यातली प्रत्येक बाई कधी ना कधी या गावात नवीनच होती. माहेरचं गाव सोडून, कुणालाच ओळखत नसताना आलेली. पुरुष जन्मतात त्या गावात राहतात. नवं गाव आपलं करणं हे तर बाईचंच काम, आणि तरी नव्या बाईला आपणच परकी म्हणतो.

शेवटी तोडगा निघाला. गटात आम्ही अकरा जणी होतो, वीसपर्यंत जागा असते. तिला घेतलं. पहिले सहा महिने फक्त बचत आणि मीटिंगची हजेरी. नंतर छोटं कर्ज, ते फिटलं की मोठं. गाव सोडून गेली तर देणं फेडून तिची बचत हिशेबानं तिला परत. हे सगळं ठरावाच्या वहीत लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आज ती आमच्या गटाची वही लिहिते. अक्षर मोत्यासारखं आहे. कर्जातून शिलाई मशीन घेतलं आणि एकही हप्ता चुकवला नाही.

आणखी एक ठराव केला, तो वहीत लिहिला नाही, पण पाळतो. जिचा नवरा बाहेर आहे तिच्या घरी कोण आलं, किती वेळ थांबलं, याची चर्चा नळावर करायची नाही. गॅसवाला येतो, भाऊ येतो, मीटर बघणारा येतो. अशा चर्चेला घाबरून बाई मदत मागायचं बंद करते. त्या रात्री दुसऱ्या दाराला हात का लावला नाहीस, असं तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "रात्री दोनला मी कुणाच्या दारात गेले, असं बोलणं झालं असतं." आपल्या जिभेची भीती तिला अंधारापेक्षा जास्त होती. हे ऐकून आम्हाला जेवण गेलं नाही.

आणि नव्या बहिणींनो, तुम्हालाही एक सांगणं आहे. आमच्यासारख्या चुकणाऱ्या बाया सगळ्याच गावांत आहेत. त्यांच्या येण्याची वाट बघत बसू नका. पहिल्या आठवड्यात तुम्हीच तीन नावं मिळवा. एक शेजारची बाई, एक आशाताई किंवा सेविका, एक गाडी असलेलं घर. विरजण मागायला जा, चक्कीचा पत्ता विचारायला जा. विरजण मागण्यात कसला कमीपणा? त्या निमित्तानं नाव विचारा, आपलं सांगा. रात्रीचं रडू येतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जेवण जात नाही, असं पंधरा दिवस चाललं तर तेही आशाताईंना सांगा. ते दुखणंच आहे, त्याला औषध आणि सल्ला मिळतो. लाजू नका.

परवाच्या दिवाळीत त्या वहिनीचा नवरा आला. पोरगी आता तीन वर्षांची व्हायला आली. बाप दारात दिसल्याबरोबर ती आक्कांच्या पदरामागं लपली. सगळे हसले, पण त्या माणसाचा चेहरा उतरला. आक्का म्हणाल्या, "बाबा, ओढून घेऊ नकोस. नुसता बस तिच्याजवळ." तो दोन दिवस नुसता बसला. शेंगा सोलून देत राहिला. तिसऱ्या दिवशी पोरगी त्याच्या पाठीवर चढून गल्लीभर फिरत होती.

जायच्या आदल्या दिवशी तो आमच्या मीटिंगच्या जागी आला. दाराशीच उभा राहिला. म्हणाला, "ताई, तुमचे नंबर द्या. तिच्याकडं आहेत, माझ्याकडंही पाहिजेत." आम्ही तीन नंबर सांगितले. त्यानं मोबाइलमध्ये घातले आणि एकेक लावून बघितला, लागतो का नाही. तिन्ही फोन वाजले.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत सहा महिन्यांत कोण नवीन राहायला आलंय, आठवून बघा. आज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिच्या दारात जाऊन या. आपलं नाव सांगा, तिचं विचारा. लेकराचं नाव विचारायला विसरू नका.